नोकरी नाही, काम आहे!

कंपन्या माणसं घेण्याऐवजी त्यांच्याकडून काम विकत घेऊ लागल्या आहेत. कर्जत-खालापूरच्या आपल्यासारख्या पोरापोरींसाठी ही संधी आहे, की जुनं कंत्राटच नव्या नावानं आलंय? शेवटच्या वर्षाला असाल तर हे वाचाच.

शेवटच्या वर्षात पाऊल टाकलं की घरी-दारी एकच प्रश्न सुरू होतो. ‘मग, पुढे काय?’ आपल्या भागात त्याला लागूनच दुसरा येतो, ‘कंपनीत लागलास का?’ खोपोली, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात ‘कंपनीत लागणं’ हा शब्दप्रयोग आपल्या आईबाबांच्या पिढीने आयुष्याची गाडी रुळावर आल्यासारखा वापरला. आणि लागलात म्हणालात, की तिसरा प्रश्न तयार असतो, ‘पर्मनंट की कंत्राटात?’ लग्नाच्या बोलणीतसुद्धा या एका शब्दावर चहाचं पोह्यांपर्यंत जाणार की नाही, हे ठरायचं.

आता या तिन्ही प्रश्नांना एक चौथंच उत्तर मिळू लागलंय. ‘फ्रीलान्सिंग करतोय.’ हे ऐकून काकांचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइल घेऊन गादीवर लोळणारा पोरगा येतो. पण गंमत म्हणजे ज्या कंपन्यांत आपण लागावं असं काकांना वाटतं, त्याच कंपन्या हल्ली बरंचसं काम अशा लोकांकडून करून घेतायत. म्हणून हा विषय ‘नोकरी की फ्रीलान्सिंग’ अशा वादविवाद स्पर्धेसारखा न बघता, भरतीच कशी बदलतेय ते नीट समजून घेऊ. कारण ऑफर लेटरवर सही तुम्हाला करायची आहे.

आधी लोकलचं गणित

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर साधारण १०० किलोमीटर. लोकलने दोन-सव्वादोन तास धरा. घरातून स्टेशन आणि स्टेशनातून ऑफिस सोडूनच द्या, नुसता ट्रेनमधला वेळ येऊन-जाऊन साडेचार तास होतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर ११२ तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला, तर हे १४ दिवस झाले. म्हणजे महिन्यातला जवळपास अर्धा महिना आपण फुकट, उभ्याने आणि बहुतेक वेळा एका पायावर काम करतो. खोपोलीच्या मुलांना तर आधी कर्जतपर्यंतची गाडी पकडायची असते आणि ती चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं.

पनवेल-कर्जत हा नवा उपनगरी मार्ग होऊ घातलाय. २९.६ किलोमीटरचा, चौक, मोहोपे, चिखलेवरून जाणारा. तो सुरू झाला की नवी मुंबई जवळ येईल, हे खरंच. पण घरातूनच काम करता येत असेल, तर १४ दिवस परत मिळतात. त्या वेळात शिकता येतं, दुसरं काम घेता येतं किंवा सरळ झोपता येतं! मुंबईत राहणाऱ्या मुलासाठी ‘फ्लेक्झिबल वर्क’ ही सोय असेल. आपल्यासाठी तो पगाराचाच एक भाग आहे. त्यामुळे दोन ऑफर समोर आल्या, तर आकड्यांच्या शेजारी प्रवासाचे तास लिहायला विसरू नका.

भरतीचं काय बदललं?

पूर्वीचा रस्ता सरळ होता. कॉलेजात किंवा पनवेल-ठाण्याला पूल कॅम्पस, ‘दहावी-बारावी-पदवी तिन्हीकडे ६० टक्के’ ही अट, ॲप्टिट्यूड टेस्ट, ग्रुप डिस्कशन, मग एचआर. मोठ्या कॉलेजात मोठ्या कंपन्या यायच्या. आपल्याकडे कोकण ज्ञानपीठ, भिवपुरीचं तासगावकर, कुंभिवलीचं विश्वनिकेतन किंवा खोपोलीचं केएमसी असलं, तरी शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांइतकी रांग काही लागायची नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि कंपन्यांना एक गोष्ट कळली. माणूस डोळ्यांसमोर नसला तरी काम होतं. टीसीएसने त्याच वर्षी ‘२५ बाय २५’ ची कल्पना मांडली. २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्केच लोक ऑफिसात असले तरी चालेल, अशी. पुढे वारं फिरलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच टीसीएसने पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. म्हणजे घरून काम हा काही कायमचा हक्क झाला नाही. पण कंपन्यांच्या डोक्यात शिरलेली दुसरी कल्पना मात्र टिकली. माणूस डोळ्यांसमोर नसला तरी चालत असेल, तर तो आपल्या पगारपत्रकावर कशाला हवा?

यातून भरतीचे तीन-चार प्रकार रूढ झाले. पहिला, प्रोजेक्टपुरतं काम. एक वेबसाइट, दहा व्हिडिओ, तीन महिन्यांचं डेटाचं काम. दुसरा, स्टाफिंग कंपनीमार्फत. तुम्ही बसता एका कंपनीत, पण तुमचा पगार दुसरीच कंपनी देते. टीमलीज, क्वेस ही या धंद्यातली मोठी नावं. तिसरा, ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’. सहा महिने किंवा वर्षभर कंत्राटावर काम करा, पटलात तर पुढे पक्के. चौथा, ठरावीक मुदतीची नोकरी, म्हणजे फिक्स्ड टर्म. नेमणूक कंपनीचीच, पण शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली.

आणि निवडीची पद्धतही बदलली. डिझाइन, कोडिंग, कंटेंट, व्हिडिओ एडिटिंग या क्षेत्रांत आधी ‘लिंक पाठवा’ म्हणतात. गिटहबवरचा कोड, बिहान्सवरची डिझाइन्स, यूट्यूबवरचं एडिट. मग एक छोटी असाइनमेंट. मार्कशीट त्यानंतर. इथे आपल्याला खरा फायदा आहे. असाइनमेंट तपासणाऱ्याला तुम्ही नेरळचे की नरिमन पॉइंटचे, याने फरक पडत नाही. कॉलेजच्या गेटमध्ये कंपनी येत नसेल, तर तुमचं काम कंपनीच्या गेटमध्ये पाठवता येतं. कशेळे किंवा कडावला बसून बंगळुरूच्या स्टार्टअपचं काम करणं शक्य आहे. अट एकच, पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जागेवर राहिले पाहिजेत!

हे सगळं किती मोठं आहे? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक गिग पद्धतीचं काम करत होते आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. त्याच अहवालात अशा कामांपैकी ४७ टक्के मध्यम कौशल्याची, २२ टक्के उच्च कौशल्याची आणि ३१ टक्के कमी कौशल्याची असल्याचं म्हटलंय. म्हणजे पदवीवाल्यांना साजेशी कामं यात आहेत, पण सगळी गर्दी तिथे नाही. गिग म्हटल्यावर लॅपटॉपवरचा डिझायनर आठवतो, तसाच पाठीवर बॅग लावून बाइकवर फिरणारा डिलिव्हरीवालाही आठवायला हवा.

बँकर इंजिनाची गोष्ट

कर्जतकरांना कंत्राटी भरती समजावून सांगायला मॅनेजमेंटचं पुस्तक लागत नाही. स्टेशनवर उभं राहा. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला भोर घाट चढायचा असतो. एका इंजिनाचं ते काम नाही, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटतात. गाडी पुढे पुण्याला जाते, बँकर परत कर्जतला.

कंपन्यांनाही घाट येतात. दिवाळीचा सेल, नवीन ॲप, एखादं मोठं परदेशी प्रोजेक्ट. तेवढ्यापुरती माणसं जोडायची आणि लोणावळा आला की सोडायची. कंपनीच्या बाजूने बघितलं तर हिशेब चोख आहे. पण एक फरक आहे. सुटलेल्या बँकरला शेड असते. त्याचं तेलपाणी, दुरुस्ती, देखभाल रेल्वे बघते. प्रोजेक्ट संपल्यावर सुटलेल्या माणसाचं तेलपाणी कोण बघणार? पीएफ, आजारपणाची सुट्टी, विमा, नवीन काही शिकण्याचा खर्च, हे सगळं आधी कंपनीच्या खात्यात होतं. आता ते गुपचूप तुमच्या खात्यात आलंय.

आणि हा मोह फक्त खासगी कंपन्यांना झालाय असं नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला आपल्याच राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा जीआर काढला होता. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं भडकली, राज्यभर आंदोलनं झाली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याची घोषणा झाली. दीड महिन्यात जीआर मागे घ्यायला लागला, यावरून ‘कंत्राट’ हा शब्द आपल्या पिढीला किती झोंबतो, ते कळतं.

मग ‘पक्की’ नोकरी तरी पक्की आहे का? २०२२ मध्ये इन्फोसिसची ऑफर लेटर्स मिळालेल्या काही इंजिनीअर मुलांना रुजू व्हायला सुमारे दोन वर्षं थांबावं लागलं. २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने म्हैसूर कॅम्पसमधल्या ३०० हून जास्त ट्रेनींना अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत म्हणून घरी पाठवलं. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. पगाराचं म्हणाल, तर २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वर्षाला २ लाख ५२ हजारांच्या फ्रेशर पॅकेजवरून सोशल मीडियावर किती मीम्स झाली, ते तुम्ही बघितलं असेल. ते पॅकेज इंजिनीअरिंग सोडून इतर पदवीधरांसाठी आहे, असं कंपनीने नंतर सांगितलं. म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्या आपल्यासाठीच की! महिन्याला २१ हजार. त्यात कर्जतहून रोज जा-ये, किंवा ऐरोलीत चौघांत एक खोली.

म्हणून ‘नोकरी म्हणजे सुरक्षित आणि फ्रीलान्सिंग म्हणजे जुगार’ हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. दोन्हीकडे धोका आहे. प्रश्न एवढाच की कुठला धोका तुम्हाला आधीच दिसतोय आणि त्याचे पैसे तुम्ही मागताय का.

आपल्याला हे नवीन नाही

‘गिग’ हा शब्द नवा असेल, प्रकार नाही. कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओचं उदाहरण घ्या. नितीन देसाईंनी उभारलेल्या या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी किल्ला उभा राहिला होता. असा सेट उभा करायला सुतार, रंगारी, पीओपीवाले, वेल्डर, लाइटमन लागतात. सिनेमा संपला की सेट उतरतो आणि माणसं पुढच्या सेटवर. टीव्ही-सिनेमाची सगळी दुनियाच अशी चालते. तिथे तीन महिन्यांनी पैसे मिळणं ही जुनीच रडकथा आहे, आणि म्हणूनच तिथे कामगारांच्या संघटना तयार झाल्या. एकेकटा माणूस निर्मात्याशी भांडू शकत नाही, हे त्यांना आपल्या आधी कळलं.

त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्या वाड्या-वस्त्यांमध्ये आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत काम. पावसाआधी परत. हंगामी काम, ठिकाण बदलतं, ऑफिस नाही. कागदावर बघितलं तर हेही ‘फ्लेक्झिबल’च. पण कधी जायचं, किती दराने आणि कधी थांबायचं, यातलं काहीच त्या माणसाच्या हातात नसतं. अशा कामाला आपण फ्लेक्झिबल म्हणत नाही. का म्हणत नाही, याचा विचार केला की या सगळ्या विषयाची किल्ली सापडते. लवचीक कोण आहे? काम, की माणूस? कामाची वेळ तुम्ही वाकवू शकत असाल तर ती सोय. प्रत्येक वेळी तुम्हालाच वाकावं लागत असेल, तर ते कंत्राट, मग त्याचं नाव इंग्रजीत कितीही भारी असो.

फार्महाऊस, रिसॉर्ट, सेकंड होमचे प्रोजेक्ट यांनी आपला तालुका भरलाय. त्यांना फोटो हवेत, ड्रोन शॉट हवेत, रील्स हवेत, बुकिंगचं पेज सांभाळणारं कुणीतरी हवं. लग्नाच्या सीझनला तर विचारूच नका. त्यामुळे पहिलं फ्रीलान्स काम शोधायला अमेरिकेतल्या क्लायंटपर्यंत जायलाच हवं असं नाही, ते चार स्टॉपवर मिळू शकतं. शिवाय मराठी! सबटायटल, डबिंग, जाहिरातीची कॉपी, भाषांतर, मराठी ट्रान्सक्रिप्शन यांना मागणी आहे आणि शहरातल्या इंग्रजी मीडियमच्या मुलांपेक्षा इथे आपला हात वर आहे. फक्त एक लक्षात घ्या, एआयमुळे साधं, सपक, कॉपी-पेस्ट छापाचं लिखाण आणि सरधोपट डिझाइन जवळपास फुकट झालंय. ‘कंटेंट रायटर’ असं नुसतं प्रोफाइलला लिहून भागणार नाही. कुठला विषय, कुठली भाषा, कुठलं सॉफ्टवेअर, हे नेमकं सांगावं लागेल.

दोन डगरींवर पाय?

‘नोकरी करता करता रात्री फ्रीलान्सिंग करू’ असा प्लॅन असेल, तर जरा थांबा. २०२२ हे वर्ष आठवा. ऑगस्टमध्ये स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना बाहेरची कामं करायला परवानगी देणारं धोरण जाहीर केलं. त्याच महिन्यात विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी आयटीतल्या मूनलायटिंगला ट्विटरवर सरळ फसवणूक म्हटलं, आणि सप्टेंबरमध्ये ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना इशाऱ्याचा मेल पाठवला आणि पुढच्याच महिन्यात, आधी परवानगी घेतली तर काही बाहेरची कामं चालतील, अशी भूमिका घेतली. एका वर्षात तीन कंपन्या, तीन तऱ्हा.

कारखान्यांच्या बाबतीत तर हा मुद्दा जुना आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच कामगाराला एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी होती. कारण साधं होतं, थकलेला माणूस मशीनवर नको. लॅपटॉपमुळे बोट तुटत नाही, पण रात्री दोनपर्यंत जागून सकाळी ६ ची लोकल पकडणाऱ्याचं काय होतं, ते कुठल्याही डब्यात दिसेल. तेव्हा नेमणूकपत्रातलं ‘इतरत्र काम करणार नाही’ हे कलम वाचा आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय रे’ कोर्टात चालत नाही.

दर कसा ठरवायचा?

आपण सगळे इथेच मार खातो. समजा, तुम्हाला महिन्याला २० हजार रुपये हातात हवेत. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. आरोग्य विमा, इंटरनेट, लॅपटॉपची झीज आणि सॉफ्टवेअर मिळून वर्षाला ३६ हजार धरू. नोकरीत कंपनी पीएफ भरते, इथे तो स्वतःच साठवायचा, त्याचे २४ हजार. एकूण ३ लाख.

आता दिवस मोजा. रविवार आणि सण वगळून वर्षाचे ३०० दिवस उरतात. पण फ्रीलान्सरचा जवळपास अर्धा वेळ काम शोधण्यात, कोटेशन पाठवण्यात, करेक्शन करण्यात आणि पेमेंटसाठी फोन करण्यात जातो. म्हणजे पैसे मिळवून देणारे दिवस १५० च. ३ लाख भागिले १५०, दिवसाला २ हजार रुपये. आता ५०० रुपयांत लोगो करून देताना तुम्ही दोन दिवस घालवले, तर गेलं कुणाचं? आकडे तुमच्या गरजेप्रमाणे बदला, पण गणित एकदा करून बघाच. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून काम घेत असाल तर त्यांचं कमिशनही यात धरा. फायव्हर तर २० टक्के कापून घेतं.

पैसे अडकले तर?

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका छोट्या एजन्सीसाठी पोस्ट लिहिल्या होत्या. पैसे पाच महिन्यांनी आले, तेही ‘आज करतो, उद्या करतो’ ऐकत ऐकत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे अशी एक तरी गोष्ट आहे. त्यामुळे हा भाग परीक्षेच्या नोट्ससारखा जपून ठेवा.

तुम्ही सेवा देणारा एकटा माणूस असलात, तरी ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते. ती मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्याहून उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. नोंदणी मात्र काम सुरू करण्याआधीची हवी. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापलेला असला, की ‘उद्या करतो’ म्हणणाऱ्याचा सूर पुष्कळदा आपोआप बदलतो.

कंपनीने पैसे देताना १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका. ते पैसे बुडालेले नसतात. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. विवरणपत्र भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे उद्या बाइकसाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलात, की पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे बँक आधी तेच मागते.

कायदाही हळूहळू हलतोय. गिग कामगारांसाठी वेगळा कायदा करणारं राजस्थान हे २०२३ मध्ये पहिलं राज्य ठरलं. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. फिक्स्ड टर्मवाल्यांना ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरेल. त्यामुळे ‘फक्त एका वर्षाचंच आहे, तुला काही मिळत नाही’ असं एचआरने सांगितलं, तर शांतपणे हे आठवा.

‘घरीच असतेस ना!’

मुलींनो, हे खास आपल्यासाठी. घरून काम म्हटलं की घरच्यांना आनंद होतो. लोकलची गर्दी नको, रात्री उशीर नको, पोरगी डोळ्यांसमोर. पण दुसऱ्याच आठवड्यात ‘घरीच असतेस ना, जरा गॅसवर लक्ष ठेव’ सुरू होतं. क्लायंटचा कॉल चालू असताना दारात पाहुणे येतात आणि चहा तुम्हीच टाकायचा असतो. भावाचं ऑफिस म्हणजे काम आणि तुमचा लॅपटॉप म्हणजे टाइमपास, असा सरळ हिशेब होतो. यावर कायदा नाही. पण कामाची वेळ ठरवून ती घरात जाहीर करणं, आणि पहिल्या कमाईतले थोडे तरी पैसे सगळ्यांसमोर घरात देणं, या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो. आपल्याकडे पैसे दिसले की काम दिसतं!

सही करण्याआधी: सहा प्रश्न

१. पगार नेमका कोण देणार? ज्या कंपनीत बसणार ती, की स्टाफिंग एजन्सी? नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं आहे?

२. मुदत किती आणि मुदतवाढ कोण ठरवणार? ‘पुढे पर्मनंट करू’ हे लेखी आहे का?

३. पीएफ, ईएसआय, विमा आहे का? नसेल, तर त्याचे पैसे दरात धरलेत का?

४. करेक्शन किती वेळा? ॲडव्हान्स किती? उरलेले पैसे किती दिवसांत?

५. केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का? हे आधीच विचारा. पुढची भरती त्यावरच होणार आहे.

६. काम देण्याआधी तुमच्याकडूनच पैसे मागतायत का? रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, ‘टास्क’साठी रिचार्ज? मग ते काम नाही, ती फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मग करायचं काय?

शेवटच्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत दोन किंवा तीन खरी कामं हातात असू द्या. छोटी चालतील, पण पैसे मिळालेली. कॉलेजच्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी कुणाच्या तरी ओळखीने नुसतं सर्टिफिकेट आणण्याऐवजी, दाखवता येईल असं काहीतरी तिथून घेऊन या. नंतर नोकरी केलीत तरी तीच कामं तुम्हाला मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत नेतील, आणि नाही केलीत तर पुढचा क्लायंट तेच बघून फोन करेल. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत पूर्णवेळ फ्रीलान्सिंगची उडी मारू नका, घरी ईएमआय चालू असेल तर नक्कीच नको. आणि दोघं-तिघं मिळून काम घ्या. एक लिहिणारा, एक डिझाइन करणारा, एक हिशेब बघणारा. तिघांचा मेल गेला की पेमेंट लवकर येतं, हे सेटवरच्या कामगारांना जसं कळलं तसं आपल्यालाही कळेल.

‘पर्मनंट की कंत्राटात?’ हा काकांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. त्यांना विचारायचं होतं, उद्या आजारी पडलास तर घर चालेल का? या प्रश्नाला उत्तर असेल, तर फ्रीलान्सिंग करा, फिक्स्ड टर्म घ्या, नाहीतर कॅम्पसला बसा. उत्तर नसेल, तर पॅकेजचा आकडा कितीही मोठा असला तरी आधी वरचे सहा प्रश्न विचारा, आणि मगच पेन उचला.